माजघराच्या आतले दार

आमच्या मंडणगड तालुक्यात चाकरमानी गणपतीला गावी येतो, तेव्हा देवाच्या आधी त्याची गाठ दाराशी पडते. कुलूप निघते, कडी निघते, पण दार काही निघत नाही. चार महिने बंद घरात पावसाची ओल खाऊन ते चौकटीत घट्ट बसलेले असते. मग खांदा लावायचा, लाथ मारायची, आणि तरीही नाही जमले तर शेजारून रंधा मागवायचा. देवाचे मखर खोळंबलेले असते म्हणून घाईघाईने दोन-तीन सूत तासून मोकळे होतात. तेच दार शिमग्याला पाहावे, तर फटीतून पलीकडची चूल दिसते. उंदराला तर वाटच होते. दोष दाराचा नसतो. ज्या महिन्यात तासले, तो महिना चुकलेला असतो.

हे सगळे लिहायचे कारण म्हणजे आमच्या घरातले एक दार. ते बाहेरचे नव्हे, आतले. माजघरातून बाळंतिणीच्या खोलीत जायचे.

आमची आई मार्गशीर्षात खळ्यात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणली. डॉक्टरांनी सांगितले, वॉकर धरून रोज थोडे चालवा, नाहीतर पाय आखडेल. आईची झोपण्याची जागा म्हणजे तीच खोली. आम्ही चार भावंडे तिथेच जन्मलो. खोली उबदार, शिवाय न्हाणीला लागून, म्हणून दुसरीकडे हलायला ती तयार नाही. आणि खोलीचे दार केवढे? रुंदी तेवीस इंच, उंची पाच फूट दोन इंच, खाली चार इंचांचा उंबरा. वॉकर मोजला तर बावीस इंच. हाताची बोटे सोलपटल्याशिवाय तो आत जाईना, आणि उंबऱ्यावरून तो उचलायचा म्हणजे नेमका जो आधार तोच हवेत. शेवटी सून आणि मी तिला दोन्ही बगलांत धरून आत-बाहेर करू लागलो. आईला त्याची लाज वाटे. ती पाणी कमी पिऊ लागली, म्हणजे न्हाणीला कमी जावे लागेल. हे लक्षात आले त्या दिवशी ठरवले की दार बदलायचे.

आधी झालेली चूक

मुंबईच्या भावाला फोन केला. भाऊ तत्पर. आठवड्याभरात टेंपोतून तयार फ्लश दार आले. सात फूट उंच, तीन फूट रुंद, वर झुळझुळीत कागदी वेष्टण. त्याने माप विचारले नव्हते, मीही सांगितले नव्हते. दार ते दार, असे दोघांनाही वाटले.

आमच्या वाडीचे सुतारदादा आले, त्यांनी दाराकडे पाहिले, मग वर माळ्याच्या तुळईकडे पाहिले. म्हणाले, "भाऊ, हे सात फुटी दार उभे करायला तुमचा माळा उचलायला लागेल."

मी म्हटले, "मग खालून फूटभर कापा."

तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले ते सर्वांनी ऐकण्यासारखे आहे. फ्लश दार वरून सलग फळीसारखे दिसते, पण ते तसे नसते. चारी बाजूंनी लाकडाची चौकट, मधे लाकडाच्या चिपा किंवा पट्ट्या भरलेल्या, आणि दोन्ही अंगांनी प्लायवूडचे पत्रे चिकटवलेले. कडेची पट्टी अरुंद असते. दोन-चार सूत रंधून घेतले तर चालते, पण फूटभर कापले की खालची चौकट सबंध निघून जाते आणि आतला भराव उघडा पडतो. तिथे नवीन लाकडी पट्टी बसवून, सरस भरून ते बंद करता येते. शहरात तसे करतातही. पण आपल्याकडे पावसाळ्यात जमीन घाम गाळते. ती ओल खालच्या कडेतून आत शिरली की दार फुगते, पत्रे सुटतात. आतून पोकळ असलेले दार तर कापूच नये. प्लॅस्टिकचे न्हाणीचे दार मिळते तेही कापण्यासारखे नसते, ते मापाचेच मागवावे लागते.

दुकानदाराने दार परत घेतले नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. ते दार आता खळ्यात दोन पिंपांवर आडवे आहे. यंदा त्यावर आमसुले वाळली.

भिंत

मग प्रश्न आला भिंतीचा. आमच्याकडची जुनी घरे जांभ्या चिऱ्याची. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उन्हा-वाऱ्याने टणक होतो. भिंत जाड असते, आणि जुनी असेल तर सांधे मातीचे असतात. अशा भिंतीत दार मोठे करायचे म्हणजे टाकी घेऊन चिरे काढत सुटायचे काम नव्हे. आधी पाहायचे की त्या भिंतीवर वरचे काय काय टेकले आहे. आमच्याकडे माळ्याचा भार लाकडी खांबांवर होता, पण तुळईचे एक टोक या भिंतीत गेले होते. त्यामुळे गवंड्याने पहिल्या दिवशी भिंतीला हातच लावला नाही. तुळईखाली दोन्ही अंगांना टेकू दिले, टेकूखाली फळ्या घातल्या, मग वरून एकेक चिरा सोडवला. वर सळ्या घालून काँक्रीटचे लिंटेल टाकले, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच भिंतीवर टेकेल असे. पंधरा दिवस त्याला पाणी मारले आणि तोवर टेकू हलवू दिले नाहीत. ज्यांच्या घराला ३ जून २०२० चे 'निसर्ग' वादळ लागले आहे त्यांनी तर अधिकच जपावे. रायगडच्या किनाऱ्यावर ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर वेगाने आलेल्या त्या वाऱ्याने आपल्या तालुक्यातली छपरे नेली हे सर्वांनी पाहिले, पण छपरे उचलताना भिंतीही हलल्या हे पुष्कळांना उशिरा कळले. ज्या चौकटी वादळाआधी गुण्यात होत्या त्या आता कललेल्या सापडतात, आणि दार आपोआप उघडते किंवा आपोआप मिटते. आपण बिजागरीला तेल घालत बसतो.

आता रुंदी किती ठेवायची? सार्वजनिक इमारतीत चाकाच्या खुर्चीसाठी नऊशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट मोकळी वाट धरतात. घरात बत्तीस इंच मोकळे मिळाले तरी खुर्ची जाते. आज वॉकर आहे, उद्या खुर्ची लागली तर पुन्हा भिंत फोडायची नाही, म्हणून आम्ही बत्तीसच्या वर जायचे ठरवले.

उंबरा

इथे आई आडवी आली. दार मोठे करायला तिची हरकत नव्हती. पण उंबरा काढायचा म्हटल्यावर तिने जेवण बाजूला सारले. "ह्या उंबऱ्यावर मी माप ओलांडले नसेल, पण तुमची चौघांची बाळुती ह्याच उंबऱ्यावरून नेली-आणली. उंबऱ्याशिवाय खोली म्हणजे गोठा."

दोन दिवस कोणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला न्हाणीला जायचे होते आणि तिने आम्हाला हाक मारली नाही. वॉकर उंबऱ्यापुढे टेकवून ती तशीच उभी होती, पाऊणेक तास तरी. सून उठली तेव्हा दिसली. त्या दिवशी दुपारी आईनेच सुतारदादांना बोलावून सांगितले, "पुढच्या दाराचा उंबरा कोणी हलवायचा नाही. हा काढा."

सुतारदादांनी मग मला वेगळीच अडचण सांगितली. उंबरा म्हणजे नुसती अडवणूक नव्हे, तो चौकटीचे पाय एकमेकांशी बांधून ठेवतो. तो काढला की दोन उभे खांब खाली मोकळे. भिंतीचा ओला माल आवळताना ते आत झुकतात किंवा फाकतात, आणि मग वर पस्तीस इंच आणि खाली चौतीस, असे होते. त्यावर उपाय दोन. चौकट बसवताना खाली तेवढ्याच मापाची एक पट्टी ठोकून ठेवायची आणि माल पुरता सुकल्याशिवाय काढायची नाही. आणि प्रत्येक खांबाच्या बुडात लोखंडी सळीचा तुकडा ठोकून तो जमिनीत काँक्रीटमध्ये पुरायचा. खांबाचे बूड जमिनीला टेकू द्यायचे नाही, सूतभर उचलून ठेवायचे, नाहीतर धुण्या-पुसण्याचे पाणी लाकूड वर ओढते. चौकटीच्या भिंतीकडच्या अंगाला डांबर लावायचे, आणि दर बाजूला तीन होल्डफास्ट.

माप कसे घेतले

सुतारदादा माप घेताना कागद हातात घेत नाहीत, एक सरळ बांबूची काठी घेतात आणि तिच्यावर खुणा करतात. मी मात्र कागदावर लिहून घेतले, ते वाचकांसाठी देतो. नव्या मुलांसाठी सांगतो, एका इंचाचे आठ सूत.

रुंदी तीन ठिकाणी घ्यायची : वर, मधे, खाली. उंची दोन्ही कडांना. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापे. ती दोन सारखी आली तर भोक गुण्यात आहे. आमची सहा सुतांनी चुकली, कारण जुनी भिंत. अशा वेळी जे माप सर्वांत लहान ते खरे मानायचे. चौकट ओळंब्यात उभी करायची आणि उरलेली वाकडी जागा मालाने भरून काढायची. भिंत वाकडी म्हणून चौकट वाकडी बसवली तर पुढच्या सगळ्या पिढ्या त्या दाराशी भांडत राहतात.

लहानात लहान माप धरून भिंतीतली जागा ४० इंच रुंद आणि लिंटेलखाली ७५ इंच उंच होती. चौकटीभोवती दोन्ही बाजूंना आणि वर पाव-पाव इंच मालाला सोडले. चौकटीचे लाकूड अडीच इंच जाडीचे. म्हणजे रुंदीत साडेएकोणचाळीसमधून पाच इंच गेले, उरले साडेचौतीस, ही मोकळी वाट. उंचीत पावणेतीन इंच गेले, उरले सव्वाबहात्तर. दार बसण्यासाठी चौकटीला अर्ध्या इंचाची खाच असते. ती धरली की दाराची जागा साडेपस्तीस रुंद आणि जमिनीपासून पावणेत्र्याहत्तर उंच. त्यातून बिजागरीकडे एक सूत, कडीकडे दोन सूत, वर एक आणि खाली तीन सूत सोडले. दाराचे माप आले रुंदी पस्तीस इंच एक सूत, उंची सहा फूट पाव इंच. असे दार कोणत्या दुकानात मिळेल?

मोकळ्या वाटेत आणखी एक चोर असतो. दार काटकोनात उघडले की त्याची स्वतःची जाडी वाटेत येते. आमचे दार सव्वा इंच जाड, त्यातला अर्धा इंच खाचेत लपला, पाऊण इंच वाटेत आला. तरी पावणेचौतीस इंच उरले. ज्यांची जागा मुळातच कमी आहे त्यांनी हे धरून चालावे. आणि मुठीला विसरू नये, तीही बाहेर येते.

खाली तीन सूत का, याचेही कारण आहे. दार ज्या अंगाला उघडते तिकडची जमीन सपाट आहे असे आपण समजतो. सुतारदादांनी बिजागरीच्या जागी खिळा मारून दाराच्या रुंदीएवढी पट्टी जमिनीलगत फिरवून पाहिली. खांबाजवळ आमचा कोबा दोन सूत चढलेला निघाला. शेणाने सारवलेली जमीन असेल तर अजून जास्त सोडा, कारण दर सारवणाला ती थोडी थोडी चढत जाते. दहा वर्षांपूर्वी मोकळे फिरणारे दार आज जमीन खरवडते, ते यामुळे.

फणसाचे लाकूड

लाकूड घरचेच होते. 'निसर्ग' वादळात परड्यातला फणस मुळासकट पडला. तेव्हा रडू आले होते, पण त्याच्या दीड-दोन इंची फळ्या कापून पडवीत रचून ठेवल्या होत्या, मधे मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा. उघड्यावर सुकणाऱ्या फळीला जाडीच्या दर इंचाला वर्षभर तरी द्यावे असा सुतारांचा अंदाज असतो. आमच्या फळ्यांना त्याहून पुष्कळ अधिक वेळ मिळाला होता. फणसाचा गाभा पिवळा असतो, काही वर्षांत तांबूस तपकिरी होतो, आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचा फिका थर मात्र कीड खाते, तो काढून टाकावा. आंब्याचे लाकूड दाराला घेऊ नये, त्याची खोकीच बरी. ज्यांना दारासाठी उभे झाड तोडायचे असेल त्यांनी आधी वन खात्याच्या कार्यालयात जावे. साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडे १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, आणि झाड आपल्या परड्यात असले तरी परवानगी लागते.

मला साधे फळ्यांचे दार हवे होते, आजोबांच्या वेळचे होते तसे. सुतारदादा नको म्हणाले. लाकूड पावसाळ्यात लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढते. पस्तीस इंच रुंदीच्या फळ्या एकमेकींना जोडल्या तर वैशाख ते श्रावण ते दार अडीच-तीन सूत रुंद होऊ शकते. पॅनेलच्या दारात दोन्ही बाजूंना चार-चार इंचांच्या उभ्या पट्ट्या असतात आणि मधल्या आडव्या पट्ट्यांची लांबी रुंदीच्या दिशेने जाते. म्हणजे वाढायला मिळाले आठच इंच लाकूड. फरक सुताच्या आत राहतो. मधली पॅनेले खाचेत सैल बसवायची, त्यांना सरस लावायचा नाही, खिळा मारायचा नाही, आणि खाचेत सूतभर मोकळे ठेवायचे. ती आतल्या आत फुगतात आणि कोणाला कळतही नाही. उत्साही मंडळी पॅनेलला सरस भरतात. मग ते पुढच्या उन्हाळ्यात मधोमध तडकते.

सांधे कुसू घालून, वर लाकडी खुंट्या मारून केले. मग तेल. अळशीचे तेल दोनदा, चारी कडांना, आणि मुख्य म्हणजे दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेला. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून बहुतेक ठिकाणी कोऱ्या राहतात, आणि ओल तिथूनच शिरते. दार एकदा टांगले की खालची कड कोण रंगवणार? आमच्याकडे पूर्वी काजूच्या टरफलाचे तेल लावत. ते टिकते खरे, पण हात उततात, आणि आतल्या खोलीला तर नकोच.

टांगणे

दार टांगले चैत्रात. कोरड्या दिवसांत टांगले म्हणून कडीकडे दोन सूत सोडले; श्रावणात टांगले असते तर एक पुरले असते. बिजागऱ्या तीन, चार-चार इंची. वरची माथ्यापासून सात इंचांवर, खालची बुडापासून दहा इंचांवर, तिसरी मधोमध. बाणकोट-वेळासकडच्या मंडळींनी लोखंडी बिजागरी घेऊ नये, खारा वारा ती खाऊन टाकतो. पितळी किंवा स्टेनलेस घ्यावी. बिजागरीचे पान जेवढे जाड तेवढीच खोल खाच पटाशीने घ्यायची. खाच जास्त खोल गेली तर दार मिटताना बिजागरीकडे दबते आणि स्क्रू उपटू पाहते. त्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा खाचेत घातला की काम भागते, दार उतरवून नवे करायला नको. प्रत्येक बिजागरीला आधी एकच स्क्रू मारून दार फिरवून पाहायचे, मगच बाकीचे. स्क्रूला साबण चोळला तर फणसाच्या लाकडातही सहज जातो. कडीकडची कड आतल्या अंगाला किंचित उतरती रंधली, नाहीतर मिटताना तिचा कोपरा चौकटीला घासतो.

दार माजघराकडे उघडते असे ठेवले, खोलीत नव्हे. म्हातारे माणूस आत दाराला लागून पडले तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. न्हाणीच्या दारालाही हेच लागू आहे, आणि ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत त्यांनी आजच जाऊन आपले न्हाणीचे दार कोणीकडे उघडते ते पाहावे.

याच कारणाने मी म्हटले, आत कडी नको. आई म्हणाली, "का? मी लुगडे बदलायचे ते गावाला दाखवून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सुतारदादांनी रात्रभर विचार करून लाकडाची खिट्टी केली. तिची दांडी दारातून आरपार नेली. आतून आईने खिट्टी फिरवली की दार बंद. बाहेरच्या अंगाला दांडीचे टोक एका लहानशा लाकडी फुलात बसवले. बघणाऱ्याला ते नक्षीचे फूल वाटते, पण घरच्या माणसाने फिरवले की खिट्टी उघडते. मूठ दोन्ही अंगांना तीन फुटांवर लावली, सबंध पंजा बसेल अशी लांब.

पहिल्या दिवशी आई वॉकर घेऊन माजघरात आली, दार स्वतः मिटले, परत उघडले, पुन्हा मिटले. मग म्हणाली, "किरकिरत नाही. रात्री कोण आले-गेले कळायचे नाही." सुतारदादांना हे दाराचे कौतुक की तक्रार ते समजले नाही.

आषाढात मी मुद्दाम फट मोजली. कडीकडे सव्वा सूत उरली आहे. दार लागत नाही, अडत नाही. जुना उंबरा पडवीत भिंतीला लावून ठेवला आहे. तो शिवणीचा निघाला, शंभर वर्षांत कुठे कुजलेला नाही. त्यावर बसून आई सकाळी वाल सोलते. मुंबईच्या भावाने परवा फोनवर विचारले की त्याच्याही खोलीचे दार असेच करायचे आहे, तर माप पाठवू का. मी सांगितले, पाठवू नकोस. गणपतीला येशील तेव्हा सुतारदादा काठी घेऊन येतील, आणि रंधा लावायचा तो मार्गशीर्षात.